अकराव्या पानावरचे ठिपके

तालीम तीनला ठरली होती आणि अडीचलाच सगळे येऊन बसले. काकूंनी हॉलमधल्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून मांडल्या. मधली, हाताची खुर्ची अर्थातच बाबांच्या थोरल्या भावाची, अण्णांची. तिच्या उजवीकडे बाबा, डावीकडे अण्णा-काकूंचा मुलगा, दादा, आणि दाराशी, उठायला सोपं जावं म्हणून आई. बारकी लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडत होती. वायर तिसऱ्यांदा निसटली, तेव्हा दादा म्हणाला, "एवढी गडबड कशाला? प्रबंधाची तोंडी परीक्षा परवा आहे."

बारकी शुक्रवारपासून धास्तावली होती. त्याचं कारण परवाची परीक्षा नव्हती, अकरावं पान होतं.

दोन वर्षं ही पोर फायनान्स आणि रिस्क मॅनेजमेंटचं एम.एस्सी. करत होती, पण ते नेमकं काय असतं हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. काकू शेजारणींना सांगायच्या, "बँकेचं शिकते." अण्णांचं मत वेगळं होतं. "धोका शिकायला कॉलेज कशाला? आमच्या क्रेनच्या हुकाखाली दोन दिवस उभी राहा, फुकटात कळेल." तरी प्रवेशाच्या वेळी भर उन्हात रांगेत उभे राहिले होते ते अण्णाच. आणि प्रबंधासाठी तिने जेव्हा घरच्याच क्रेनचा धंदा विषय म्हणून घेतला, तेव्हा नऊ वर्षांच्या निळ्या डायऱ्या कपाटातून काढून, धूळ पुसून तिच्या टेबलावर ठेवल्या त्याही अण्णांनीच. आजची तालीमही त्यांचाच हट्ट. "डायऱ्या नेल्यास, आता काय दिवे लावलेस ते आधी आम्हाला दाखव."

त्या डायऱ्यांवर हे घर चालत होतं. कुठलंही वजन उचलायचं असलं की बाबा टेप लावून मापं घेणार आणि ओरडून सांगणार. अण्णा ती डायरीत लिहिणार, तिथल्या तिथे आकडेमोड करणार आणि पानाच्या तळाला एक आकडा लिहून त्याला गोल करणार. इतके टन. मग त्या आकड्यावरून क्रेन कुठे उभी करायची, तिचा हात किती लांबवायचा, उचलायला पट्टे कुठले लावायचे हे ठरायचं. दादा वर केबिनमध्ये, बाबा खाली हाताच्या खुणा करायला. अण्णांचा गोल केलेला आकडा दुसऱ्यांदा विचारायचा नाही, हा घरचा कायदा. आजोबांच्या वेळी कुणीतरी भर साइटवर तो परत विचारला होता, मालकाला शंका आली आणि हातातलं काम गेलं. तेव्हापासून कुणी ब्र काढत नसे.

क्रेनमध्ये वजन दाखवणारा काटा होता. विमा कंपनीला हवा म्हणून दादा प्रत्येक कामानंतर काट्यावरचा आकडा एका फॉर्मवर लिहायचा आणि फॉर्म खोक्यात टाकायचा. डायरी कपाटात, खोकं माळ्यावर. नऊ वर्षांत दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती. ती बारकीने घालून दिली, बाराशे कामांची, आणि शुक्रवारी दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी पान पाहून एवढंच विचारलं होतं, "हे घरी माहीत आहे?"

"सांगते," ती म्हणाली होती. त्याला आता दोन दिवस झाले होते. शनिवारी तिने ते पान दोनदा काढून टाकलं आणि दोनदा परत घातलं. अण्णांसमोर एकटीने उभं राहून बोलायची तिची छाती नव्हती. तालमीच्या ओघात बोलून जाऊ, असं तिने मनाशी ठरवलं होतं. परीक्षा होईपर्यंत काम नव्हतंच, त्यामुळे दोन दिवस इकडे तिकडे, असाही एक हिशेब त्यात होता.

"लवकर आटप हं," दादा बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "उद्या सातला साइटवर पोचायचंय."

"कुठली साइट? काम गुरुवारी होतं ना?"

"शाळेतला जुना हौद. शाळेला सुट्टी आहे तोवर उरकून टाका म्हणाले. कापून ठेवलाय, फक्त खालचे टेकू शिल्लक. एकेक भिंत उचलून बाहेर काढायची."

"मापं झाली?"

"परवाच झाली," बाबा म्हणाले.

बारकीने पहिलं पान पडद्यावर लावलं. उद्या सकाळी सातला. आता मागे फिरायला जागाच उरली नव्हती.

पहिली दहा पानं बरी गेली. अण्णा मान डोलावत होते. आपल्या धंद्यावर कुणीतरी इंग्रजीत एवढं लिहिलंय, याचं त्यांना मनातून कौतुक होतं आणि ते लपत नव्हतं. अकरावं पान आलं, तशी बारकीने पडद्याकडे बोट केलं.

"हा प्रत्येक ठिपका म्हणजे आपलं एक काम," ती म्हणाली. "मधली रेघ म्हणजे अंदाज अगदी बरोबर. ठिपका रेघेच्या वर असेल तर वजन अंदाजापेक्षा जास्त निघालं."

"मग? रेघेच्या अंगाअंगानेच आहेत की," अण्णा म्हणाले. "शंभरात दोन-तीनचा फरक. एवढा यायचाच."

"ही पहिली जवळजवळ आठ वर्षं आहेत, अण्णा." तिने बटण दाबलं. उजवीकडचा भाग उघडला. "हे गेले चौदा महिने."

तिकडे रेघेवर एकही ठिपका नव्हता. सगळे वर होते आणि शेवटाकडे जाता जाता आणखी वर चढत होते. सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं, कारण न सांगता थांबली असती तर परत तोंड उघडलं नसतं. "प्रत्येक वेळी अंदाज कमी आलाय. आधी शंभरात आठ, मग बारा. शेवटच्या कामाला बावीस. अण्णा, मला वाटतं तुमचा... म्हणजे अंदाज करणाऱ्या व्यक्तीच्या..."

प्रबंधात तिने ते वाक्य फार सभ्यपणे लिहिलं होतं. वयोमानानुसार होणारी अचूकतेतील घट. इथे, या हॉलमध्ये, ते तिच्या तोंडातून बाहेर पडेना.

काकूंना मात्र वाक्य पुरं व्हायची गरज भासली नाही. "म्हणजे अण्णांना म्हातारचळ लागला, असं परवा चारचौघांत सांगणार तू? ज्या माणसाने तुझ्यासाठी उन्हात रांगा लावल्या त्याचं?"

"काकू, तसं नाही."

"मग कसं? नीट मराठीत सांग."

"आई, जरा थांब," दादा मध्येच म्हणाला. तो पडद्याकडेच बघत होता. "ती म्हणतेय त्यात तथ्य आहे. हल्ली क्रेन जड लागते. मागच्या वेळी मागची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"कुणाला सांगायचं? अण्णांनी आकडा दिला होता."

पोटचा पोरगा पुतणीच्या बाजूने उभा राहिलेला त्यांनी या घरात पहिल्यांदाच पाहिला. आता जाऊबाई तरी आपल्या बाजूने बोलतील म्हणून त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि झालंही तसंच.

"बंद कर ते," आई बारकीला म्हणाली. "पुरे झालं. परीक्षेत दुसरं काहीतरी दाखव."

बारकी चकित झाली. आई तिच्या अभ्यासात कधी पडत नसे, आणि अण्णांची बाजू घेणं तर तिच्या स्वभावात नव्हतं. त्या दोघांचं वाजलं की आई मुद्दाम भाजी जास्त तिखट करायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आज तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

अण्णा एकटेच शांत होते. ते उठले, आत गेले आणि चालू डायरी घेऊन आले. चष्मा पुसला, नाकावर चढवला. "बारके, इकडे ये. माझ्या मागे उभी राहा आणि कॅल्क्युलेटर घे. आकडेमोड चुकली असेल तर ती इथेच सापडेल."

ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. अण्णांनी उद्याच्या कामाचं पान उघडलं. "लांबी तीनशे साठ सेंटीमीटर. रुंदी दोनशे साठ. जाडी वीस. काँक्रीट. पावणेपाच टन, थोडं कमी. बघ."

तिने बघितलं. बरोबर होतं.

"मागचं पान. दोनशे ऐंशी, एकशे चाळीस, तीस."

तेही बरोबर. त्याच्या मागचंही. सत्तर वर्षांचा माणूस तोंडी गुणाकार करत होता आणि यंत्राला एकदाही त्याची चूक काढता आली नाही. काकूंच्या खुर्चीतून एक मोठा निःश्वास आला. बारकीला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं. चूक तिचीच होती तर. घाईत तिने प्रत्येक पानावरचा फक्त तळाचा, गोल केलेला आकडा उतरवून घेतला होता. वरच्या मापांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

अण्णा अजून पानं उलटतच होते. एकशे नव्वद, चाळीस. दोनशे दहा. तीनशे, वीस. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि थांबला. मग त्यांनी बरीच पानं एकदम उलटली, दीड वर्षामागची. तिथे ते मोठ्याने वाचत नव्हते, पण खुर्चीमागून बारकीला दिसत होतं. दोनशे त्र्याऐंशी. एकशे सत्तेचाळीस. सव्वीस.

अण्णांनी मान वर करून आपल्या धाकट्या भावाकडे पाहिलं. बाबा टीव्हीकडे तोंड करून बसले होते.

अण्णांनी डायरी मिटली.

"बारकीचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझंच चुकतंय. वय झालं. काही गोष्टी डोक्यातून निसटतात हल्ली. परवा तसंच सांग तू, मला राग नाही."

"अहो, पण आत्ता तर सगळी गणितं बरोबर..." काकू म्हणाल्या.

"मी म्हणतोय ना चुकतंय म्हणून."

सगळं कसं अगदी व्यवस्थित मिटलं होतं. प्रबंध जसाच्या तसा राहिला, अण्णांनी स्वतःहून दोष घेतला, आता उद्यापासून आकडेमोड दादा करेल, एवढाच काय तो फरक. बारकीला नुसतं गप्प बसायचं होतं. आणि तिला खरोखर गप्प बसावंसं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. तिने जे पाहिलं होतं ते परत झाकता आलं असतं तर तिने ते आनंदाने झाकलं असतं. पण आकडेमोड दादाने केली तरी टेप बाबांच्याच हातात राहणार होता. उद्याचा हौद त्यांनीच मोजला होता. आणि भिंत उचलताना खाली उभे राहणार होते तेही तेच.

"अण्णा, डायरी उघडा," ती म्हणाली.

"बारके."

"उघडा. चौदा महिन्यांत एकाही मापाच्या शेवटी शून्याशिवाय आकडा नाहीये." तिने मिटलेल्या डायरीवर बोट ठेवलं. "एवढ्या भिंती, एवढे तुकडे, आणि सगळे बरोब्बर दहाच्या पटीत? तुमची गणितं चुकलेलीच नाहीत. बाबा, तुम्हाला टेपवरचं काय दिसतं?"

बाबांनी उत्तर अगदी साध्या आवाजात दिलं, दुकानात भाव सांगावा तसं.

"लाल आकडे दिसतात. दहा, वीस, तीस. ते ठळक असतात. मधल्या रेघा पुसट झाल्यात."

"मग मधलं माप?"

"शेवटचा लाल आकडा दिसेल तो सांगतो. दोन-चार बोटांचा तर फरक."

"लांबीत दोन-चार बोटांनी काही होत नाही, काका," दादा म्हणाला. तो उभा राहिला होता. "जाडीत दोन-चार बोटं म्हणजे..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि चपला शोधू लागला. "टेप कुठाय? मी शाळेवर जाऊन येतो."

तो गेला. दोघी जावांची नजरानजर झाली. आई दाराच्या चौकटीला टेकून बसली होती आणि आता तिने काही लपवलं नाही.

"गेल्या वर्षी डॉक्टरांना दाखवलं होतं," ती म्हणाली. "डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं आहे. मधलं आधी जातं, कडेचं राहतं. जेवढं आहे तेवढं टिकवायचं म्हणाले."

"आणि तू मला बोलली नाहीस," काकू म्हणाल्या. एकाच ओट्यावर पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला तेच सगळ्यात जास्त लागलं होतं.

"यांनी शपथ घातली होती. बारकीची परीक्षा झाली की मी स्वतः सांगेन, म्हणाले."

"खुणा करणाऱ्याचे डोळे गेले की त्याचं काय उरतं?" बाबा म्हणाले. "मला दुसरं येतं काय? परीक्षेपर्यंत रेटू, म्हटलं. दोन दिवस तर राहिले होते."

दोन दिवस. बारकीने स्वतःशी नेमका तोच हिशेब केला होता. बापलेक एकाच घरात, एकाच भीतीने, एकमेकांपासून तोंड लपवत शनिवार-रविवार काढत होते. तिला रडू यायला हवं होतं, पण भीती एवढी होती की रडू आलंच नाही. ती अण्णांच्या हातातल्या फोनकडे बघत राहिली.

फोन वाजला तसा अण्णांनी स्पीकर लावला. दादा धापा टाकत होता.

"जाडी अठ्ठावीस आहे."

"वरच्या कडेला की खाली?"

"चार ठिकाणी लावला टेप. चारही ठिकाणी अठ्ठावीस. लांबी तीनशे अडुसष्ट, रुंदी दोनशे सदुसष्ट."

अण्णांनी डोळे मिटले. ओठ हलले. या वेळी कुणी कॅल्क्युलेटर उचलला नाही. "सात टनांना थोडं कमी," ते म्हणाले. "तेवढ्या लांब हातावर आपली क्रेन साडेपाचच्या वर घेत नाही."

"काटा आधी दाखवतो ना पण?" काकूंनी विचारलं. त्यांना काहीतरी आधार हवा होता.

"टेकू काढला की वजन एकदम हुकावर येतं, आई," फोनमधून दादा म्हणाला. "काटा वाचेपर्यंत मी क्रेनसकट आडवा झालो असतो." मग म्हणाला, "मी इथेच बसतोय जरा. येतो मग."

काकू उठल्या, आत गेल्या, आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ तो चालूच राहिला. आई त्यांच्या मागे गेली. अण्णांनी शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावून उद्याचं काम होणार नाही एवढं सांगितलं, कारण विचारलं तेव्हा "माप चुकलं" म्हणाले. कुणाचं ते सांगितलं नाही. मग तेही बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. बाबांच्या खांद्यावर जाता जाता त्यांनी हात ठेवला होता, पण बाबा हलले नाहीत.

हॉलमध्ये बापलेक दोघंच उरली.

"तालीम पुरी कर," बाबा म्हणाले. "अजून पानं आहेत ना?"

"राहू दे आता, बाबा."

"नाही. परवा परीक्षा आहे तुझी. मला जेवढं दिसत नाही तेवढं वाचून दाखव." त्यांनी खुर्ची उचलली आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात, गुडघे टेबलाला टेकतील अशी नेऊन ठेवली. मान जराशी तिरकी करून ते डोळ्याच्या कडेने पडद्याकडे बघू लागले. बारकीच्या एकदम लक्षात आलं की वर्षभर ते तिच्याशी बोलतानाही मान अशीच तिरकी ठेवत होते. तिला वाटायचं, बाबा आपलं नीट ऐकत नाहीत.

ती वाचत गेली. बारावं पान सरलं. तेराव्यावर एक कोष्टक होतं, अपघात झालाच तर कुणाला किती इजा होऊ शकते याचं. वरच्या रकान्यात काही आकडे भरायचे, खालच्या चौकटीत माणूस दगावण्याची शक्यता शंभरात किती, ते उत्तर आपोआप येतं. ते तिने स्वतः बसवलेलं होतं, आणि मॅडमना फार आवडलं होतं.

"खाली उभा असलेला माणूस," तिने वाचलं. "वजनापासून अंतर सहा मीटर. नियमाप्रमाणे."

"सहा?" बाबा म्हणाले.

"नियम सहाचा आहे ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"नियम सहाचाच आहे. पण सहावरून मला काही दिसत नाही, बाळ." ते पडद्याकडेच बघत होते. "वजन सुटं झालं की नाही ते जवळून बघावं लागतं. मी हाताच्या अंतरावर असतो. वर्ष झालं."

बारकीने सहाचा आकडा खोडला. त्या जागी काय लिहायचं ते तिला माहीत होतं, बोट मात्र उचलेना.

"लिही," बाबा म्हणाले. "खरं ते लिही. तेवढ्यासाठीच शिकलीस ना?"

तिने एक लिहिलं. खालच्या चौकटीतलं उत्तर एकदम वर चढलं. टीव्ही मोठा होता, आकडा तळहाताएवढा दिसत होता, आणि बाबा त्याच्यापासून दोन फुटांवर बसले होते.

"किती आलं गं?" त्यांनी विचारलं.